क्रियापदात बसलेले ‘मी’ आणि ‘तू’: हिमालयातल्या भाषांचा दीडशे वर्षांचा वाद

आजचा भाग व्याकरणाचा आहे, पण इयरफोन काढू नका. व्याकरण इथे पुरावा म्हणून येणार आहे. गोष्ट इतिहासाचीच आहे. ज्यांच्याकडे जुनी कागदपत्रं नाहीत अशा लोकांचा इतिहास कुठून वाचायचा, याची.

सुरुवात घरातल्याच एका वाक्याने करू. ‘तू पोळी खाल्लीस.’ यात ‘खाल्ली’ का झालं? पोळी स्त्रीलिंगी म्हणून. लाडू असता तर ‘खाल्लास’ झालं असतं. आणि शेवटचा तो ‘स’? तो ‘तू’चा. ‘तू’ हा शब्द गाळून नुसतं ‘पोळी खाल्लीस?’ म्हटलं तरी प्रश्न कोणाला आहे ते कळतं. म्हणजे एकाच क्रियापदावर खाणाऱ्याची खूण आहे आणि खाल्लेल्या वस्तूचीही. एमपीएससीवाल्यांना हा कर्तृ-कर्मसंकर प्रयोग झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. या खुणांना आजच्यापुरतं आपण ‘मेळ’ म्हणू. क्रियापद कोणाकोणाशी मेळ राखतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता चला हिमालयात.

तिबेटो-बर्मन नावाचं एक मोठं भाषाकुळ आहे. ल्हासाची तिबेटी, म्यानमारची बर्मी, मणिपूरची मैतेई, मिझोरमची मिझो, आसामची बोडो, मेघालयातली गारो, काठमांडूची नेवार, पूर्व नेपाळ आणि सिक्कीममधली लिंबू, हिमाचलातली किन्नौरी या सगळ्या त्यातल्या. एकूण भाषा चारशेच्या आसपास. चिनी भाषाही याच मोठ्या घराण्यातल्या, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पण या घरातल्या बहिणी एकमेकींसारख्या दिसत नाहीत. बर्मीत ‘मी जातो, तू जातोस, ते जातात’ या सगळ्यांना क्रियापद एकच. चिनीतही तसंच. जुन्या तिबेटीतही क्रियापद माणसाप्रमाणे बदलत नाही. आणि मग लिंबूसारखी भाषा येते. तिथे ‘तू’साठी क्रियापदाच्या आधी ‘के-’ लागतो. ज्याच्यावर क्रिया होते तो ‘तिसरा’ कोणी असेल तर मागे ‘-उ’ लागतो. ‘मी तुला’ या दोन शब्दांचं काम ‘-ने’ हा एक तुकडा करतो. एकवचन-अनेकवचनाच्या मध्ये द्विवचन आहे, संस्कृतसारखं. शिवाय ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेदही आहे. हा भेद मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. ‘आम्ही पिक्चरला चाललोय’ म्हटलं की समोरचा घरी बसतो आणि ‘आपण चाललोय’ म्हटलं की तो चपला घालतो. हिंदीच्या ‘हम’ला हे जमत नाही. लिंबूत मात्र ही खूण थेट क्रियापदावरही बसते.

मग साधा प्रश्न असा की या सगळ्या भाषांची जी मूळ आजी होती, हजारो वर्षांपूर्वीची, तिची क्रियापदं कशी होती? बर्मीसारखी साधी, की लिंबूसारखी भरलेली? म्हणजे काही नातींनी हा दागिना नंतर घडवला, की आजीकडे तो होता आणि बाकीच्यांनी हरवला?

यावर पहिल्यांदा नीट लिहिलं ते ब्रायन हॉजसनने. हा काठमांडूत ब्रिटिश रेसिडेंट होता, १८३३ ते १८४३. पक्षी आणि प्राण्यांचे नमुने, बौद्ध पोथ्या, सगळं गोळा करणारा माणूस. नंतर तो दार्जिलिंगला राहिला आणि १८५७-५८ च्या सुमारास त्याने वायु आणि बाहिंग या पूर्व नेपाळच्या दोन भाषांची क्रियापदं तपशीलवार छापली. अशा भाषांना त्याने नाव दिलं ‘प्रोनॉमिनलाइज्ड’. क्रियापदाला सर्वनामं चिकटलेल्या भाषा. आणि या रचनेचं नातं त्याने भारतातल्या आदिवासी भाषांशी जोडलं.

पन्नास वर्षांनी ग्रियर्सनच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’मध्ये हाच धागा पुढे आला. त्याच्या तिसऱ्या खंडाचा पहिला भाग १९०९ साली निघाला. तो लिहिला स्टेन कोनो या नॉर्वेजियन विद्वानाने. हा कोनो आपल्याला परका नाही, कारण १९०५ साली आलेला मराठीचा सातवा खंडही त्यानेच तयार केला होता. आणि मधल्या काळात, १९०६ साली, मुंडा आणि द्रविड भाषांचा चौथा खंड.

कोनोच्या टेबलावर एका बाजूला संथाळीसारख्या मुंडा भाषा होत्या. त्यात कर्ता आणि कर्म दोघांच्या खुणा क्रियापदावर, द्विवचन, आम्ही-आपण भेद, विसाच्या पटीत मोजणं. दुसऱ्या बाजूला हिमालयातल्या भाषा, आणि त्यातल्या बऱ्याच जणींत हेच सगळं. त्याने निष्कर्ष काढला, की हिमालयात आधी मुंडा बोलणारे लोक असणार. ते तिबेटो-बर्मन बोलायला लागले, पण आपल्या जुन्या सवयी घेऊन आले. म्हणजे मेळ हा बाहेरचा माल.

वरवर पटण्यासारखं आहे. मराठीतलं आम्ही-आपणसुद्धा द्रविड भाषांच्या शेजारामुळे आलं असं मानतातच की. पण त्यामागे एक न बोललेलं गृहीतकही होतं. तिबेटीला सातव्या शतकापासून लिपी आहे. बर्मीचा प्रसिद्ध म्याझेदी शिलालेख बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. चिनीचं तर विचारूच नका. या लिहिलेल्या, राज्य चालवणाऱ्या, धर्मग्रंथ असलेल्या भाषा, म्हणून त्याच ‘जुन्या’. त्यांच्यात मेळ नाही, म्हणजे मुळात नव्हता. आणि डोंगरातल्या लिपी नसलेल्या लोकांच्या भाषेत काही गुंतागुंतीचं सापडलं, तर ते कुठून तरी आलं असणार. लिखाण जुनं म्हणजे व्याकरण जुनं, हा हिशेब मला तरी फार आळशी वाटतो. आपल्या आजीने कधी डायरी लिहिली नाही म्हणून तिच्या तोंडचे शब्द कालचे ठरत नाहीत.

बरं, मुंडावाल्या सिद्धांताला नकाशानेच पहिला धक्का दिला. १९५७ साली लंडनच्या युजिनी हेंडरसन यांनी पश्चिम म्यानमारच्या डोंगरातल्या तिद्दिम चिन भाषेवर लेख लिहिला. शीर्षकातच मुद्दा होता: बोलीतली चिन ही सर्वनामं चिकटलेली भाषा आहे. चिन डोंगरात मुंडा शेजारी कुठून आणणार? तिकडे चीनच्या सिचुआन प्रांताच्या पश्चिमेला, खोल दऱ्यांमध्ये, ज्यारोंग नावाच्या भाषा आहेत. पूर्व नेपाळपासून सरळ रेषेत मोजलं तरी दीड हजार किलोमीटरच्या आसपास, मध्ये तिबेटचं पठार. आणि त्यांच्या क्रियापदांवरही ‘मी’, ‘तू’, द्विवचन, सगळा सरंजाम.

पण खरी गंमत झाली ती वाळवंटात.

१०३८ ते १२२७ या काळात चीनच्या वायव्येला तांगुत लोकांचं एक साम्राज्य होतं. चिनी लोक त्याला शी-शिया म्हणतात. त्यांनी स्वतःची लिपी बनवली. सहा हजारांच्या आसपास चिन्हं, दिसायला चिनीसारखी पण चिनी वाचणाऱ्याला एकही ओळखता येणार नाही अशी. चंगीझ खानाच्या मोंगोलांनी ते साम्राज्य संपवलं आणि पुढे ती भाषाही मेली. १९०८-०९ मध्ये प्योत्र कोझलोव या रशियन प्रवाशाला गोबीतल्या खारा-खोतो या ओसाड शहरात तांगुत पुस्तकांचा प्रचंड साठा सापडला. तो सेंट पीटर्सबर्गला गेला.

तिथे निकोलाय नेव्हस्की हा माणूस वर्षानुवर्षं त्या लिपीशी झटत होता. स्टालिनच्या दमनात १९३७ साली त्याला गोळी घातली. त्याचा हस्तलिखित कोश तेवीस वर्षांनी, १९६० साली छापला गेला आणि १९६२ साली त्याला मरणोत्तर लेनिन पारितोषिक मिळालं. आधी मारायचं आणि मग बक्षीस द्यायचं. असो.

त्याच शहरात, तेव्हाच्या लेनिनग्राडमध्ये, क्सेनिया केपिंग या अभ्यासक तांगुत ग्रंथ वाचत होत्या. बरेचसे ग्रंथ चिनीतून केलेली भाषांतरं, त्यात सुन-त्झूचं युद्धशास्त्रही आलं. त्यांच्या लक्षात आलं की क्रियापदामागे काही छोटी चिन्हं येतात, आणि ती उगाच येत नाहीत. ‘मी’चा संबंध असेल तर ‘ङा’, ‘तू’चा असेल तर ‘ना’. (‘वाङ्मय’मध्ये जो ‘ङ’ आहे, तोच हा.) १९७५ साली त्यांनी हे मांडलं. मूळ चिनी मजकुरात असं काही नाही, म्हणजे भाषांतर करणाऱ्याने ते चिनीतून उचललेलं नाही. ते त्याच्या स्वतःच्या भाषेचंच होतं.

त्यातला नियम ऐका. क्रियापदावर खूण कर्त्याचीच असेल असं नाही. ‘त्याने मला मारलं’ या वाक्यात मारणारा ‘तो’ आहे, पण खूण बसते ‘मी’ची. कारण ‘मी’ आणि ‘तू’ हे ‘तो’पेक्षा वरच्या पायरीवर. बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर आहेत, तिसरा कोणी कितीही मोठा असला तरी तो तिसराच. पायऱ्यांचा असाच हिशेब नेपाळच्या किरांती भाषांत आणि सिचुआनच्या ज्यारोंगमध्येही दिसतो. किरांती म्हणजे लिंबू, बांतावा, दुमी वगैरे राई-लिंबूंच्या भाषा.

त्यामुळे ‘लिहिलेल्या जुन्या भाषांत मेळ नाही’ हा मोठा आधारच सरकला. तांगुत अकराव्या-बाराव्या शतकातली लिहिलेली भाषा होती, एका राज्याची राजभाषा होती, आणि तिच्यात मेळ होता.

मग ऐंशी-नव्वदच्या दशकात वाद चांगलाच पेटला. बरीचशी हाणामारी लंडनच्या एकाच संशोधनपत्रिकेत झाली. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या स्कॉट डीलॅन्सींनी लिहिलं की मेळ मूळ भाषेतच होता. लिंबूचं व्याकरण १९८७ साली लिहिणारे डच अभ्यासक जॉर्ज वॅन ड्रिम यांनी १९९३ मध्ये त्या मूळ भाषेची सगळी खूण-व्यवस्था मांडायचा प्रयत्न केला. मध्ये १९९२ साली रँडी लापोला म्हणाले, थांबा. ‘मी’ची खूण ‘ङ’, कारण ‘मी’चं सर्वनामच ‘ङा’. ‘तू’ची ‘न’, कारण सर्वनाम ‘ना’सारखं. घाईने बोलताना सर्वनाम क्रियापदाला चिकटणं ही जगात कुठेही घडणारी गोष्ट. दोन ठिकाणी स्वतंत्रपणे चिकटलं असेल, किंवा एकाच शाखेत, पुष्कळ नंतर. त्यासाठी आजीपर्यंत जायची गरज काय?

शंका रास्त आहे. नुसतं साम्य म्हणजे वारसा नव्हे. मग वारसा ओळखायचा कसा?

इथे एक युक्ती आहे आणि ती मराठीतूनच पटकन कळते. ‘जा’चा भूतकाळ ‘जाला’ व्हायला हवा होता, पण होतो ‘गेला’. हिंदीत ‘जाना’चं ‘गया’. गुजरातीत ‘जवुं’चं ‘गयो’. बंगालीत ‘जाबो’, पण ‘गेलो’. एकाच क्रियापदात ‘ज’ आणि ‘ग’ची ही विचित्र अदलाबदल चार भाषांनी आपापली शोधून काढली, असं कोणी म्हणेल का? नियमित गोष्ट कुठेही नव्याने तयार होऊ शकते. विचित्रपणा मात्र वारशानेच येतो.

तर मग तिबेटो-बर्मनमधले विचित्रपणे कुठे आहेत? एक म्हणजे ‘तू’साठी क्रियापदाच्या आधी लागणारा ‘त’. नेपाळच्या बांतावात तो आहे, सिचुआनच्या ज्यारोंगमध्येही आहे. आणि या भाषांच्या ‘तू’ या सर्वनामात ‘त’ कुठेच नाही. म्हणजे इथे सर्वनाम चिकटलं असं म्हणता येत नाही. दुसरा विचित्रपणा तांगुतमध्ये दडला होता. तिथली काही क्रियापदं दोन वेगळ्या चिन्हांनी लिहिलेली सापडायची, स्वर थोडासा वेगळा. तैवानचे गोंग ह्वांग-चेंग यांनी दाखवलं की हे दोन शब्द नाहीत, एकाच क्रियापदाची दोन रूपं आहेत. ‘मी’ किंवा ‘तू’ जेव्हा तिसऱ्या कोणावर काही करतो, तेव्हा दुसरं रूप येतं. मग फ्रान्सच्या गियोम जाक यांनी पुढचा दुवा जोडला. जाक यांनी ज्यारोंग कुळातल्या जाफुग भाषेवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की त्या बदललेल्या स्वरात एक जुना ‘व’ विरघळलाय. मघाशी लिंबूतला तिसऱ्यासाठीचा ‘-उ’ सांगितला होता, आठवतोय? तोच. ज्यारोंगच्या काही बोलींतही तो ‘-व’ म्हणून आहे. तांगुतमध्ये प्रत्यय गळून पडला, फक्त स्वरावर त्याचा डाग राहिला.

माझं मत विचाराल तर या पुराव्यासमोर ‘सगळं नंतर, वेगवेगळं झालं’ म्हणणं अवघड आहे. पण वाद बंद झालेला नाही. लापोलांसारखे अभ्यासक आजही मेळ असलेल्या बहुतेक भाषांना एका शाखेत बसवतात आणि मेळ ही त्या शाखेची नंतरची कमाई मानतात.

आता उलटा प्रश्न. आजीकडे मेळ होता असं धरलं, तर बर्मी, बोडो, गारो, मैतेई यांनी तो टाकला कसा? एवढी मोठी यंत्रणा गळून पडते?

पडते. मुंबईत राहत असाल तर रोज ऐकता. ‘मैं जाएगा, तू जाएगा, हम लोग जाएगा.’ शुद्ध हिंदीत जाऊँगा, जाएगा, जाएँगे असं बदलायला हवं. पण मराठी, गुजराती, तमिळ, कोकणी माणसं मोठेपणी, बाजारात, लोकलमध्ये जी हिंदी शिकली, तिच्यात ही रूपं टिकली नाहीत. अर्थ पोचतोय ना, बास. डीलॅन्सींचा तर्क काहीसा असाच आहे. ब्रह्मपुत्रेचं खोरं, इंफाळचं खोरं या येण्याजाण्याच्या, व्यापाराच्या, राज्याच्या जागा. तिथल्या भाषा अनेक जमातींची संपर्कभाषा झाल्या, पुष्कळ माणसं त्या मोठेपणी शिकली आणि क्रियापदं सोपी झाली. गारोंमध्ये राहून काम केलेल्या रॉबिन्स बर्लिंग यांनीही संपर्कभाषांचं हे चक्र मांडलंय. उलट ज्या भाषा उंच, अडचणीच्या दऱ्यांत फक्त आईकडून लेकराकडे जात राहिल्या, त्यांनी सगळं जपलं. म्हणजे कोनोच्या काळचा हिशेब बरोबर उलटा होतो. राजधान्यांच्या भाषा बदललेल्या, आणि खेड्यातल्या जुन्या.

नेवारचं उदाहरण यात फार गोड आहे. काठमांडूपासून पूर्वेला दोलखा नावाचं गाव आहे. तिथल्या नेवार बोलीत मेळ आहे. राजधानीच्या नेवारमध्ये नाही. पण तिथे दुसरंच काही उगवलंय. ‘मी तिथे गेलो’ याला म्हणतात ‘जि अन वना’. ‘तू तिथे गेलास’ याला ‘छ अन वन’. शेवटचा स्वर दीर्घ आणि ऱ्हस्व, एवढाच फरक. वाटेल की चला, हा तर मेळच झाला. पण प्रश्न विचारताना ‘तू तिथे गेलास का?’ हे होतं ‘छ अन वना ला?’ दीर्घ स्वर ‘तू’कडे गेला! कारण तो ‘मी’चा नाहीच. ज्याला ती गोष्ट स्वतःची म्हणून आतून माहीत आहे, त्याचा तो आहे. विधान करताना माहीत असतं बोलणाऱ्याला, प्रश्नात समोरच्याला. ल्हासाच्या आजच्या तिबेटीतही याच धर्तीचं काही आहे.

आणि काही ठिकाणी जुना मेळ झिजल्यावर नवा तयार झाला. मिझो ऐका. ‘क इन’ म्हणजे माझं घर. ‘क कल’ म्हणजे मी जातो. ‘इ इन’ तुझं घर, ‘इ कल’ तू जातोस. ‘अ इन’, ‘अ कल’: त्याचं घर, तो जातो. ‘माझं जाणं’ असं म्हणता म्हणता त्याचं ‘मी जातो’ झालं. ऐझॉलच्या गाण्यांत तुम्ही ‘क ह्मङाइ चे’ ऐकलं असेल. आय लव्ह यू. पुढचा ‘क’ मी, मागचा ‘चे’ तू. आणि हेंडरसन यांच्या तिद्दिम चिनमध्ये तर दोन्ही थर शेजारी शेजारी सापडतात. पुस्तकी शैलीत ‘क पाइ ही’, मी जातो, नवा ‘क’ पुढे. आणि घरात, गप्पांमध्ये ‘पाइ-इङ’. तो शेवटचा ‘ङ’ जुना. छापलेल्या भाषेत नवं रूप आणि चुलीपाशी जुनं.

हे सगळं कळलं ते लोकांजवळ बसून, क्रियापदाचं एकेक रूप विचारून. तो पुरावा आता झपाट्याने कमी होतोय. वॅन ड्रिम यांनी १९९३ साली दुमीचं व्याकरण छापलं, तेव्हाच ती प्रामुख्याने म्हाताऱ्या माणसांची भाषा उरली होती. हॉजसनची वायुही त्याच वाटेवर. पुढची पिढी नेपाळी बोलते. सगळीकडे मात्र तसं नाही. पूर्व नेपाळमधल्या छिन्ताङ गावात संशोधकांनी लहान मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं रेकॉर्ड केलंय. तिथल्या भाषेत क्रियापदाच्या आधी तीन-तीन खुणा येतात आणि त्यांचा क्रम बोलणाऱ्याने हवा तसा लावला तरी अर्थ बदलत नाही. हे २००७ साली छापून आलं तेव्हा भाषाशास्त्रज्ञांच्या भुवया वर गेल्या, कारण शब्दाच्या आतला क्रम पक्का असतो असंच सगळे धरून चालले होते. छिन्ताङची पोरं ते अंगणात खेळता खेळता शिकतात.